खुब्यातला हिरा: एका विद्यार्थ्याच्या शस्त्रक्रियेचे प्रकरण

“सर, आमच्या मशीनमध्ये वाढतो तोच हिरा माझ्या खुब्यात बसवता येत नाही का?”

हा प्रश्न मला दिवाळीच्या सुट्टीत, माझ्या घराच्या ओट्यावर बसून एका माजी विद्यार्थ्याने विचारला. काठी भिंतीला टेकवलेली होती, डावा पाय सरळ पसरलेला. वय एकतीस. पुढचे सगळे त्याच्या संमतीने लिहितो आहे. नाव आणि गाव तेवढे गाळले आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझे पीएच.डी.चे काम हिऱ्याच्या पातळ थरांवर होते, म्हणून तो माझ्याकडे आला. शस्त्रक्रियेचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. पण त्याच्या हातात जो कागद होता, त्यावरचा एक शब्द माझ्या विषयाचा होता.

रुग्ण आणि आजार

मुलगा शहादा तालुक्यातला, भिल्ल समाजातला. वडील लवकर गेले. आई हिवाळाभर नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायची आणि त्यावर याने बी.एस्सी. केले. पुढे आपल्याकडची पोरे जातात तसा सुरतेला गेला. नंदुरबारहून गाडी धरली की नवापूरला राज्य बदलते (ते स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत), पण उधना-लिंबायतेत उतरल्यावर अहिराणी कानावर पडतेच. तिथे प्रयोगशाळेत हिरे वाढवणाऱ्या एका कारखान्यात तो सहा वर्षे रिॲक्टर सांभाळतो. हायड्रोजनमध्ये थोडा मिथेन, मायक्रोवेव्हने पेटवलेला प्लाझ्मा (विद्युतभारित झालेला तप्त वायू), हजार अंशांच्या आसपास तापलेल्या ‘सीड’वर, म्हणजे हिऱ्याच्या मूळ चकतीवर, कार्बनचा थरावर थर. वर्गात मी फळ्यावर काढायचो ती आकृती तो रोज चालवतो.

त्याला सिकलसेल आहे, दोन्ही पालकांकडून आलेला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या एका फरकाने ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, ताठरते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आधीच बारीक असतात. त्या तुंबल्या की आतले हाड मरते, आणि मेलेले हाड शरीराच्या वजनाखाली हळूहळू दबते. याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याला आणि वरच्या धडगाव-अक्कलकुवा भागात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार संपवायचे उद्दिष्ट ठरले, तेव्हापासून तपासण्याही वाढल्या. पण सिकलसेल म्हणजे अशक्तपणा आणि अंगदुखी, एवढेच लोकांच्या डोक्यात बसले आहे. जांघेतले दुखणे त्यात कुणी धरत नाही. यानेही दीड वर्ष उभ्या कामाचा शीण समजून मलम चोळले. एमआरआय झाला तोवर डावा गोळा वरून चपटा झाला होता. उजव्यातही सुरुवात दिसत होती.

सांधा बदलणे हाच उपाय होता. अडचण वयाची. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीच्या आसपास भार येतो, आणि सांध्यांची चाचणी घेणारी यंत्रे एका वर्षाच्या चालण्याला साधारण १० लाख फेऱ्या धरतात. सत्तरीतल्या आजीबाईंना दीड-दोन कोटी फेऱ्यांचा सांधा आयुष्यभर पुरतो. एकतिशीतल्या माणसाला चार कोटींचा हिशेब करावा लागतो. घासले न जाणारे काहीतरी हवे, हे त्याचे म्हणणे म्हणून बरोबरच होते. आणि कागदावर लिहिले होते: ‘डायमंड कोटेड हेड’. साध्या सांध्यापेक्षा लाखभर रुपये जास्त. हा अंदाजपत्रकाचा कागद त्याला कुठे मिळाला ते सांगायची गरज नाही. एवढे लाख उभे करायचे तर आईच्या नावावरचे दीड एकर गहाण पडणार होते.

आधी अख्खा हिरा

त्याच्या प्रश्नाला मी त्याच कागदाच्या पाठीवर गणित मांडून उत्तर दिले, कारण त्याला गणित कळते. कृत्रिम खुब्याचा गोळा ३६ मिलिमीटर व्यासाचा धरला तर घनफळ साधारण २४.४ घन सेंटिमीटर येते. हिऱ्याची घनता ३.५१, म्हणजे वजन ८६ ग्रॅमच्या आसपास. कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. हिशेब ४३० कॅरेटवर गेला. वाढीचा वेग तासाला १० मायक्रॉन धरला तरी ३६ मिलिमीटर जाडीला ३,६०० तास, अखंड १५० दिवस. तो लगेच म्हणाला, “सर, अखंड चालतच नाही. काही दिवसांनी कडेला काळे साचते. मशीन थांबवायचे, लेसरने कड कापायची, ॲसिडमध्ये उकळायचे, परत लावायचे. आणि छत्तीस एमएमची सीड आणायची कुठून?”

ते सगळे जमले तरी एक गोष्ट उरते, आणि ती हिरे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. हिरा कठीण आहे, चिवट नाही. ओरखडा त्याला फक्त हिराच पाडतो, पण ठरावीक पातळीवर टोला बसला तर तो सरळ चिरतो. बसच्या पायरीवरून पाय निसटला की खुब्यावर जो झटका बसतो, तो अशा स्फटिकाला दाखवायचा नाही.

मग थर

म्हणजे राहिला धातूवर हिऱ्याचा थर. इथे मी जास्त वेळ घेतला, कारण या प्रकरणाचा गाभा इथे आहे असे मला वाटते.

खुब्याचे कृत्रिम गोळे कोबाल्ट-क्रोमचे असतात किंवा सिरॅमिकचे. मांडीच्या हाडात ठोकतात त्या दांड्याला टायटॅनियमचे मिश्रधातू वापरतात. कोबाल्टवर थेट हिरा वाढवायला गेलात तर कोबाल्ट कार्बनला ग्राफाइटकडे ओढतो आणि हाती काजळी येते. हे त्याने रिॲक्टरमधल्या चुकीच्या धातूच्या तुकड्यावर स्वतः पाहिले होते. टायटॅनियमवर हिरा धरतो, पण सात-आठशे अंशांवर. आता थंड करा. एक अंश तापमान उतरले की टायटॅनियम दशलक्षात ८-९ भाग आकसते, हिरा त्या मानाने फारच थोडा. दोघांमधला फरक सात भाग धरला आणि उतार आठशे अंशांचा, तर अर्ध्या टक्क्याहून जास्त तफावत पडते. छत्तीस मिलिमीटरच्या गोळ्यावर ०.२ मिलिमीटर. खालचे आकसले, वरचे आकसायला तयार नाही. थर जन्मतःच हजारो मेगापास्कलच्या दाबाखाली असतो आणि सुटायची संधी शोधत असतो. भरीस भर म्हणजे रिॲक्टरमधून निघालेला बहुस्फटिक हिरा बारीक कंगोऱ्यांचा असतो. गोळा ज्या प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतो तिच्यात तो फिरवणे म्हणजे पॉलिशपेपर फिरवणे. वळणदार पृष्ठभागावर त्याला आरशासारखा घासायचा तर खर्च आणि वेळ दोन्ही हाताबाहेर जातात.

म्हणून बाजारात जो ‘डायमंड’ थर मिळतो तो बहुतेक वेळा हिरा नसतोच. मी त्याला म्हटले, कंपनीला थराचे पूर्ण नाव विचार. दोन दिवसांनी उत्तर आले: डायमंड लाइक कार्बन. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांचा हात धरतो, ग्राफाइटमध्ये तिघांचा. या थरात दोन्ही प्रकारांची सरमिसळ असते, बहुधा हायड्रोजनही मिसळलेला, आणि स्फटिकाची शिस्त नसते. तो कमी तापमानाला बसतो, गुळगुळीत असतो, रक्ताला चालतो. हृदयाला मदत करणाऱ्या काही रक्तपंपांत त्याचा चांगला उपयोग झाला आहे. म्हणजे हा थर खोटा माल आहे असे मी म्हणत नाही. पण रक्तपंपात त्याच्यावर कुणी चालत नाही.

खुब्यावर त्याची परीक्षा झालेली आहे. १९९३ ते १९९५ दरम्यान जर्मनीत सुमारे शंभर रुग्णांना टायटॅनियमवर असा थर दिलेले गोळे बसवले, आणि तुलनेला तेवढ्याच रुग्णांना ॲल्युमिना सिरॅमिकचे. पहिले दीड वर्ष दोन्हींत फरक दिसला नाही. मग थरवाले सांधे सैल पडू लागले, आणि साडेआठ वर्षांत त्यांतले जवळपास निम्मे, ४५ टक्के, बदलावे लागले. काढलेल्या गोळ्यांवर बारीक खड्डे होते. थरातल्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून शरीरातला द्रव खाली शिरतो, थर आणि धातू जिथे चिकटले आहेत ती जागा हळूहळू खातो, आणि वरचा थर खपलीसारखा उडतो.

जळगावच्या सराफ बाजारात मुलाम्याची बांगडी घेणाऱ्याला दुकानदार सांगतो की मुलामा सोन्यामुळे जात नाही, खालची पकड सुटली की जातो. बांगडीचा मुलामा गेला तर चमक जाते. खुब्यातला गेला तर उडालेले कठीण कण वाटीत अडकतात, प्लॅस्टिक खरवडतात, आणि त्या प्लॅस्टिकचा भुगा गिळायला आलेल्या पेशी शेजारचे हाड विरघळवतात. सांधा सैल होण्याचे हे मोठे कारण आहे.

मला त्या दीड वर्षाची जास्त धास्ती वाटते. दीड वर्ष रुग्ण आनंदात असतो आणि पुस्तिकेत त्याचा हसरा फोटो छापता येतो.

पदार्थ घसरता असला म्हणजे झाले, ही समजूत जुनी आहे. इंग्लंडमध्ये शल्यविशारद जॉन चार्नली यांनी पहिल्यांदा वाटीला टेफ्लॉन वापरले, कारण इतके घसरते दुसरे काही नव्हते. सुमारे तीनशे रुग्णांत ते झपाट्याने झिजले आणि भुग्याच्या गाठी झाल्या. टेफ्लॉन आणि पॉलिएथिलिन हे नवे प्लॅस्टिक, दोन्हींचे नमुने चार्नलींनी स्वतःच्या मांडीत घालून शरीर काय करते ते पाहिले आणि १९६२ च्या नोव्हेंबरपासून पॉलिएथिलिन वापरायला लागले. साठ वर्षे झाली, वाटी आजही त्याच घराण्यातली आहे. फरक एवढाच की १९९० च्या दशकाच्या शेवटापासून तिच्या रेणूंच्या साखळ्या किरणोत्साराने एकमेकींत गुंफून घेतात, त्यामुळे झीज बरीच उतरली.

डॉक्टरांच्या खोलीत

नाशिकच्या शल्यविशारदांकडे मी त्याच्यासोबत गेलो. मला वाटले होते, प्राध्यापक मध्ये का बोलतो असे म्हणतील. उलट त्यांनी खणातून एक नमुना गोळा काढून त्याच्या हातात दिला. गुलाबी, थंड, काचेहून गुळगुळीत. त्याने तो खिडकीकडे धरला. गुलाबी हिरे पाहिलेली नजर ती; पहिला प्रश्न रंगाचाच आला. हे ॲल्युमिना-झिरकोनियाचे सिरॅमिक. गुलाबी रंग त्यातल्या क्रोमियम ऑक्साइडचा. झिरकोनियाचे कण भेग पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून जुन्या ॲल्युमिनापेक्षा हा गोळा फुटायची भीती कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचे, गोळा आरपार एकच आहे. वरून काही चिकटवलेले नाही, त्यामुळे सुटायलाही काही नाही.

“याला घासतात कशाने?” त्याने विचारले.

“हिऱ्याच्या पावडरीने,” डॉक्टर म्हणाले. “दुसऱ्या कशाने हा घासलाच जात नाही.”

तो हसला. सुरतेतल्या घंटीवर हिऱ्याची भुकटी लावून हिरा घासतात, तोच प्रकार.

डॉक्टरांनी थराच्या सांध्याबद्दल एवढेच सांगितले की दोन दशकांचा हिशेब हाताशी असलेला सांधा ते बसवतील. २०१० साली धातूवर धातू फिरणारा एक खुबा जगभरातून परत घ्यावा लागला. तोही आला तेव्हा झीज नाही म्हणूनच आला होता, आणि त्याचे भोगलेले रुग्ण त्यांनी पाहिले होते. ठरले असे: टायटॅनियमचा सिमेंटविना दांडा, टायटॅनियमची खरबरीत पाठीची वाटी, आत गुंफलेल्या पॉलिएथिलिनचे अस्तर आणि गुलाबी गोळा. जास्तीचा लाख वाचला.

आई दाराशी उभी होती. तिने एकच विचारले, “मना पोऱ्या पह्यलासारखा चाली ना, सर?” मी म्हटले, “चालेल मावशी, पण दुसऱ्या पायाचेही बघावे लागेल.” तेव्हा तिला दुसऱ्या पायाचे कुणी सांगितलेच नव्हते असे कळले. ते माझ्या तोंडून असे दारात निघायला नको होते.

शस्त्रक्रिया

सिकलसेलमध्ये खुबा बदलणे हे नेहमीच्या खुब्याहून जोखमीचे. आधी रक्त देऊन हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणले. पाणी कमी पडू दिले नाही, अंग थंड पडू दिले नाही, ऑक्सिजन उतरू दिला नाही. या तिन्हींत कसर राहिली की पेशी वाकतात. दातांतला जंतुसंसर्ग रक्तातून नव्या सांध्यावर बसू नये म्हणून दंतवैद्याकडे पाठवले. एक किडलेली दाढ निघाली, तिथे दंतवैद्याने डायमंड बर फिरवला: पोलादी काडीच्या टोकावर निकेलमध्ये पकडलेले हिऱ्याचे कण. त्याच्या शरीरात हिरा गेला तो एवढाच, काही मिनिटे.

टेबलावर हाड अपेक्षेप्रमाणे निघाले. मांडीच्या हाडाची आतली पोकळी जुन्या मेलेल्या हाडाने जागोजागी भरलेली, दांड्याची वाट करायला वेळ लागला. दुसऱ्या रात्री ताप चढला आणि छातीत दुखू लागले. फुप्फुसात पेशी अडकल्या की काय, का सांध्यात जंतू? रक्त तपासणीला गेले आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. अहवाल सकाळी आला. सांध्यात काही नव्हते, छातीचे ऑक्सिजन आणि औषधाने निवळले. त्या सहा-सात तासांत माझ्या डोक्यात हिऱ्याचाच विषय फिरत होता, मात्र वेगळ्या अंगाने.

हिरा जिथे बसतो

शस्त्रक्रियेच्या आधी तो माझ्याकडे राहिला होता तेव्हा मी त्याला दोन चकत्या दाखवल्या होत्या. माझ्या संशोधनाच्या दिवसांतल्या, सिलिकॉनवर वाढवलेल्या हिऱ्याच्या. ड्रॉपरने दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकला. एकीवर थेंब अळूच्या पानावरच्यासारखा फुगून बसला, दुसरीवर पसरला. हिरा तोच, जाडी तीच. पहिली रिॲक्टरमधून काढली तशी होती, तिच्या पृष्ठावर हायड्रोजन. दुसरी ॲसिडमध्ये उकळलेली, तिच्यावर ऑक्सिजन. रोज ॲसिड बॉइल करणाऱ्या या मुलाने ते कधी असे पाहिले नव्हते. शरीरातले प्रथिन किंवा पेशी हिऱ्याच्या ज्या भागाला भेटते तो हाच अणूभर जाडीचा पृष्ठभाग. तो बदलता येतो, त्यावर हवा तो रेणू पक्क्या रासायनिक बंधाने शिवता येतो, आणि सोन्यावरच्या शिवणीपेक्षा ती जास्त टिकते. हिऱ्याचा जैवपदार्थ म्हणून मोठा गुण मला हा वाटतो. वर्गात मी वर्षानुवर्षे फक्त कठीणपणाच शिकवत आलो.

दुसरे, शुद्ध हिरा विजेला वाट देत नाही, पण वाढताना बोरॉन मिसळला तर देतो. भरपूर मिसळला तर जवळपास धातूसारखा वागतो. अशा इलेक्ट्रोडवर तीनेक व्होल्टच्या पट्ट्यात पाण्याचे विजेने विघटन होत नाही, पार्श्वभूमीचा प्रवाह फार कमी असतो, आणि रक्तातली प्रथिने त्यावर सोन्या-प्लॅटिनमच्या मानाने कमी चिकटतात. म्हणजे डोपामिन, युरिक आम्ल किंवा एखादे औषध अगदी थोडे असले तरी त्याचा संकेत गोंधळात बुडत नाही. जपानमधल्या केइओ आणि निगाता विद्यापीठांच्या गटाने २०१७ मध्ये बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याची बारीक सुई गिनीपिगच्या कानाच्या आतल्या भागात ठेवून तिथे औषध किती पोहोचते ते घडीघडीला मोजून दाखवले. त्या रात्री बाकावर मला तेच वाटत होते. सांध्याजवळच्या द्रवात काय चालले आहे हे सांगणारी अशी सुई असती, तर सकाळपर्यंत थांबावे लागले नसते. असे उपकरण आज दवाखान्यात मिळत नाही. पण हिऱ्याच्या अंगच्या गुणांशी जुळणारे काम मात्र हे आहे. इथे घासणे नाही, भार नाही, लाखो फेऱ्या नाहीत.

मेलबर्नच्या संशोधकांनी दृष्टिपटलासाठी जे रोपण बनवले त्यात इलेक्ट्रोड नायट्रोजन मिसळलेल्या अतिसूक्ष्म स्फटिकांच्या हिऱ्याचे आणि आतली चिप बंद करणारी डबीही हिऱ्याची. डबीचे दोन भाग जोडायला त्यांनी सोन्याचे खास मिश्रण डाख म्हणून वापरले, हिऱ्याशी रासायनिक पकड धरणारे. त्यांच्याही कामात डोकेदुखी डबीची नव्हती, जोडाची होती, आणि त्यांनी वर्षे त्या जोडावर घालवली. अंदाजपत्रकातल्या ‘कोटेड’ या शब्दामागे असे काम असते की नाही, हे विचारायची सवय आपल्याला हवी.

तिसरी गोष्ट त्याच्या थेट कामाची. कारखान्यात वाढ लवकर व्हावी म्हणून थोडा नायट्रोजन सोडतात आणि मग दगड तपकिरी पडला की त्याच नायट्रोजनला शिव्या बसतात. त्या दोषांमध्ये एक असा असतो: कार्बनच्या जागी एक नायट्रोजन आणि लगत एक रिकामी जागा. त्यावर हिरवा प्रकाश टाकला की तो लाल उजळतो, आणि २.८७ गिगाहर्ट्‌झच्या मायक्रोवेव्हने ती लाली मंद-तेज करता येते. तापमान बदलले की ही वारंवारता किंचित सरकते. २०१३ मध्ये जिवंत पेशीच्या आत हिऱ्याचे असे कण ठेवून पेशीतले तापमान मोजले गेले. २०२० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गटाने गर्भचाचणीसारख्या कागदी पट्टीवर सोन्याच्या कणांऐवजी हे नॅनोहिरे वापरले. कागद स्वतःही थोडा चमकतो, पण मायक्रोवेव्हच्या तालावर मिचकावतात ते फक्त हिरे. त्यामुळे मोजकेच कण असले तरी ओळखू येतात. सोन्याच्या कणांपेक्षा ही पट्टी एक लाखपटीपर्यंत जास्त संवेदनशील निघाली. एचआयव्हीचा आरएनए त्यांनी तिच्यावर पकडून दाखवला.

धडगावच्या वरच्या पाड्यावरून रक्ताची बाटली जिल्ह्याला यायची, मग अहवाल परत जायचा, यात किती दिवस जातात ते इथल्या आशाताईंना विचारा. सगळ्यात हुशार तपासणी आमच्याकडे कागदाच्या पट्टीवरूनच पोहोचेल, थंड खोलीतल्या यंत्रातून नाही. म्हणून मला या मिचकावणाऱ्या कणांबद्दल खुब्याच्या थरापेक्षा शंभरपट आस्था आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर आयआयटी मद्रासला प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांच्या संशोधनासाठी पाच वर्षांत सुमारे २४२ कोटी रुपये मंजूर झाले. दागिन्यांच्या निर्यातीसाठी ते आहेतच. त्यातला काही वाटा अशा पट्टीसाठी आणि अशा सुईसाठी वळावा असे मला मनापासून वाटते. हिरे वाढवणारे कसबी हात तापीच्या खालच्या टोकाला सुरतेत आहेत, आजार तापीच्या वरच्या अंगाला आमच्या डोंगरात आहे. मध्ये रेल्वेने काही तासांचे अंतर.

आजची स्थिती

चौदा महिने झाले. काठी सुटली. एक्स-रेत दांडा जागेवर आहे, भोवती हाड धरले आहे. मांडी घालून बसायची मनाई आहे, आणि घरच्या पंगतीत तेच त्याला सर्वांत जड जाते. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचे औषध नियमित चालू आहे. कारखान्याने त्याला उंच स्टूल दिले. सांध्याचे स्टिकर लावलेले कार्ड पाकिटात असते, त्यावर गोळ्याचा आकार आणि ‘सिरॅमिक’ असे लिहिलेले.

मागच्या महिन्यात तो रीतसर गेटपास घेऊन तपकिरी पडलेल्या, दागिन्याला बाद झालेल्या तीन चकत्या घेऊन आला. महाविद्यालयाच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही हिरवा लेसर धरला आणि लाल काचेतून पाहिले. दोन काळ्याच राहिल्या. तिसरी शेगडीतल्या निखाऱ्यासारखी उजळली. आई दारात उभी राहून पाहत होती. तिने काच मागून घेतली आणि बराच वेळ डोळ्याला लावून ठेवली.

उजव्या खुब्याचा एमआरआय जूनमध्ये आहे.